टॉवरमध्ये शिरायची वाट कोणाच्या हातात?

ओझरच्या विमान कारखान्यातला इंजिनिअर, देवळालीच्या तोफखाना केंद्रातला जवान, नाशिकरोडच्या नोट छापखान्यातला कामगार. तिघांच्याही खिशात मोबाइल असतो. कोणी एक शब्दही बोललं नाही, तरी फोन कोणत्या टॉवरच्या टप्प्यात आहे हे नेटवर्कला कळत राहतं. अशा नोंदी वर्षभर गोळा केल्या, तर संभाषण न ऐकताही कारखान्याच्या पाळ्या आणि सैन्याच्या हालचाली उलगडत जातात. म्हणून नेटवर्कची यंत्रं कोणाकडून घ्यायची, हा नुसता स्वस्त-महागाचा प्रश्न नाही.

शत्रूराष्ट्राची नकोत, मित्रराष्ट्राची घ्या, असं उत्तर चटकन सुचतं. ग्रीसचं प्रकरण पाहिलं की ते तोकडं वाटतं. 2004च्या ऑलिम्पिकच्या सुमारास तिथले पंतप्रधान कोस्तास कारामानलिस यांच्यासह शंभराच्या आसपास लोकांचे मोबाइल कित्येक महिने टॅप होत होते. नेटवर्क व्होडाफोनचं आणि एक्स्चेंज स्वीडनच्या एरिक्सनचं, म्हणजे दोन्ही युरोपीयच. पोलिसांना कायदेशीर टॅपिंग करता यावं म्हणून अशा यंत्रांत एक सोय दिलेली असते. घुसखोरांनी एक्स्चेंजच्या मेमरीत आपला प्रोग्राम सोडून तीच सोय गुपचूप चालू केली. कॉलची प्रत प्रीपेड फोनांवर जायची आणि लॉगमध्ये, म्हणजे यंत्राच्या नोंदींत, त्याचा मागमूस नसायचा. 2005च्या सुरुवातीला काही एसएमएस पोचेनासे झाले, त्याचं कारण शोधताना हे सापडलं. 2024मध्ये अमेरिकेत 'सॉल्ट टायफून' नावाने ओळखले जाणारे चिनी हॅकर बड्या कंपन्यांच्या नेटवर्कमध्ये शिरल्याचं उघड झालं. टॅपिंगच्या यंत्रणेपर्यंत ते पोचले होते. या कंपन्यांच्या नेटवर्कचा कणा काही चिनी यंत्रांवर उभा नव्हता.

तरीही विक्रेत्याचा देश महत्त्वाचा आहेच. स्वित्झर्लंडची 'क्रिप्टो एजी' शंभराहून जास्त देशांना गुप्तलेखनाची यंत्रं विकत होती; 1970पासून तिची मालकी छुपेपणाने अमेरिकी आणि जर्मन गुप्तचरांकडे होती. चीनच्या 2017च्या कायद्यानुसार तिथल्या कंपन्यांना गुप्तचर यंत्रणांना साथ द्यावीच लागते. यंत्र आधी तपासून घ्यावं म्हटलं, तर तेही सोपं नाही. चिनी कंपनी हुआवेईची यंत्रं तपासायला ब्रिटनमधल्या बॅनबरीत खास केंद्र होतं; ते हुआवेईचंच, पण देखरेख ब्रिटिश सरकारची. तपासकांनी पाहिलेला कोड आणि टॉवरवर प्रत्यक्ष चालणारा कोड एकच आहे, याची खात्री देणं तिथल्या तज्ज्ञांनाही जड गेलं. शिवाय पुढच्या अपडेटबरोबर तो कोड पुन्हा बदलतो.

म्हणूनच बीएसएनएलच्या 4जीसाठी सरकारी संशोधन संस्था सी-डॉट आणि तेजस, टीसीएस या भारतीय कंपन्या यांनी मिळून देशी यंत्रणा उभी केली, याचं मला मोल वाटतं. इथे कोड उघडून पाहणारे आणि दुरुस्त करणारे हात आपले आहेत. पण टॅपिंगची सोय देशी यंत्रातही असतेच, आणि ग्रीससारखी घुसखोरी तिच्यातूनही होऊ शकते. अपडेट आपल्या प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय चढवू नये, एकाच विक्रेत्यावर सगळी भिस्त ठेवू नये आणि दुरून केलेल्या प्रत्येक लॉगिनची नोंद यंत्राबाहेर, वेगळ्या जागी ठेवावी.

केंद्राच्या निर्देशानुसार 15 जून 2021पासून दूरसंचार कंपन्यांना नवी यंत्रं विश्वसनीय ठरवलेल्या स्रोतांकडूनच घ्यावी लागतात. आधी बसवलेली यंत्रं काढायची सक्ती मात्र नाही आणि त्यांच्या देखभालीचे जुने करारही चालू राहू शकतात. त्या करारांत दुरून लॉगिन करायचा अधिकार कोणाला दिला आहे, ही तपासणी सगळ्यात आधी व्हायला हवी.