मुंबई विद्यापीठ, फोर्ट परिसर : स्थलदर्शन

मुंबईतील ओव्हल मैदानाच्या पूर्वेस, उच्च न्यायालय व जुने सचिवालय यांच्या मधला वास्तुसमूह. विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ ची. दीक्षान्त सभागृह (१८७४) आणि ग्रंथालयासह राजाबाई मनोरा (१८७८) नंतरचे. २०१८ पासून हा भाग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

आराखडे इंग्रज वास्तुविशारद जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी लंडनहून पाठवले. ते मुंबईत कधी आले नाहीत. शिल्पांचे श्रेय म्हणूनच त्यांना देता येत नाही. मनोऱ्यावरील पश्चिम भारतातील जातीजमातींच्या चोवीस मूर्ती साहाय्यक अभियंता मुकुंद रामचंद्र यांनी घडवल्याचे जुन्या नोंदी सांगतात. मनोऱ्याची उंची सामान्यतः २८० फूट दिली जाते, क्वचित २६०. मनोरा लंडनच्या ‘बिग बेन’वरून बेतल्याचे सर्रास म्हटले जाते, पण वरचा अष्टकोनी भाग पाहता इटालियन घंटाघरांशी केलेली तुलना अधिक पटते. मुंबईतील व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये ग्रंथालयासाठी दोन लाख व मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले आणि मनोऱ्याला आईचे नाव सुचवले. अंध राजाबाईंना जैन रिवाजानुसार सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाची वेळ कळावी म्हणून घड्याळ बसवले, ही कथा लोकप्रिय खरी. नावाच्या उलगड्यासाठी मात्र तिची गरज पडत नाही.

चर्चगेट स्थानकापासून पायी जाता येते. दर्शनी बाजू पश्चिमाभिमुख असल्याने सकाळी ऊन इमारतीमागून येते, कोरीवकाम काळवंडते व छायाचित्रे फसतात. दुपारनंतर जावे. मनोऱ्याचा पूर्ण आकार मैदानातूनच नजरेत मावतो. पायथ्याशी मान वर करून तो समजत नाही. पोर्चच्या वर, सुमारे तीस फुटांवरच्या आठ मूर्ती नुसत्या डोळ्यांनी दिसतात, उरलेल्यांसाठी दुर्बीण हवी. भिंतींचा पिवळसर दगड कुर्ल्याचा. नक्षीसाठी वापरलेला पोरबंदरचा दगड कोरायला मऊ, त्यामुळे खाऱ्या हवेत व पावसात त्याच्या कडा आधी बोथट होतात.

आत कार्यालये चालू असल्याने प्रवेश गृहीत धरू नये. ओळखपत्र जवळ ठेवावे व परवानगी आधी काढावी. रंगीत काचा बाहेरून निव्वळ काळ्या दिसतात, रंग आतूनच कळतात. सभागृह १०४ फूट लांब, ४४ फूट रुंद व ६३ फूट उंच आहे. तिथल्या २० फूट व्यासाच्या वर्तुळाकार खिडकीच्या कडेने बारा राशी आहेत. सभागृहाचे देणगीदार कावसजी जहांगीर रेडिमनी यांचा, इंग्रज शिल्पकार टॉमस वूल्नर यांनी घडवलेला पुतळा सभागृहाबाहेर आहे. मनोऱ्यावर चढणे पर्यटकांना बंद आहे.