निममधली मेमरी: आर्क की ऑर्क? (पार्श्वभूमी)

वरुड-मोर्शीकडच्या काही संत्रा बागांत ओलावा मोजणाऱ्या डब्यांचे प्रयोग चालू आहेत. ईएसपी३२ या छोट्या चिपचा बोर्ड, मातीत खुपसलेला सेन्सर आणि ड्रिपच्या वॉल्व्हला जोडलेला रिले (विजेवर चालणारा स्विच), एवढाच मामला. आंबिया बहारासाठी डिसेंबरात पाणी तोडून झाडांना ताण दिला, की ही डबी आठवडेच्या आठवडे कोणी हात न लावता चालली पाहिजे. तिचा प्रोग्राम निम भाषेत लिहिणारे मोजकेच आहेत, पण ते एकत्र आले की एक वाद हमखास निघतो: वापरून झालेली मेमरी आपोआप मोकळी करायला आर्क ही पद्धत लावायची की ऑर्क?

फार मागे जायला नको. मेमरीतल्या वस्तूकडे किती ठिकाणांहून बोट दाखवलंय (हेच संदर्भ) ते मोजत राहून शून्य झाले की ती सोडणं आणि अधूनमधून कचरा, म्हणजे वापरात नसलेली मेमरी, शोधून उचलणं, या दोन्ही वाटा १९६० साली लिस्प भाषेच्या निमित्ताने कागदावर आल्या. निमने (२०१४च्या अखेरीपर्यंत नाव निमरॉड) दोन्हींची मोट बांधली आणि तिला रेफसी म्हटलं. हीपमधले (टिकून राहणाऱ्या डेटाच्या जागेतले) संदर्भ मोजायचे, स्टॅकवरचे (चालू फंक्शनच्या तात्पुरत्या जागेतले) मोजायचे नाहीत, वेळ आली की अख्खा स्टॅक चाळायचा, उरलेल्यासाठी मार्क-अँड-स्वीप, म्हणजे वापरातल्यावर खूण करून बाकीचं झाडून टाकणं. शिवाय प्रत्येक थ्रेडचा (प्रोग्रामच्या समांतर चालणाऱ्या धाग्याचा) हीप वेगळा, म्हणून एकाचा डेटा दुसऱ्याला द्यायचा तर प्रत काढूनच. डेस्कटॉपवर हे खपून जात होतं. ईएसपी३२सारख्या ५२० केबी रॅमच्या चिपवर, मधेच स्टॅक चाळत बसणारा गडी कोणाला हवा आहे?

एप्रिल २०२०च्या १.२ आवृत्तीत आर्क आलं आणि चित्र पालटलं. मोजणी तीच, पण ती कुठे करायची ते कंपायलर (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) आधीच ठरवतो. व्हेरिएबलचा शेवटचा वापर कुठे आहे ते तो शोधतो आणि तिथे प्रत न काढता मालकीच पुढे सरकवतो. त्यामुळे मोजणीतली बरीच वाढ-घट मुळात लिहिलीच जात नाही. डिस्ट्रक्टर (वस्तू मोकळी करणारा कोड) कुठे चालणार हे कोड वाचून सांगता येतं. हीप सगळ्या थ्रेडना सामाईक झाला. छोट्या बोर्डसाठी निमचा विचार खऱ्या अर्थाने इथून सुरू झाला, असं माझं मत.

खोट एकच, आणि ती जुनीच: चक्र. आपल्या डबीतच बघा. बागेचा प्रत्येक झोन आपल्या वॉल्व्हची यादी ठेवतो आणि प्रत्येक वॉल्व्ह आपल्या झोनकडे परत बोट दाखवतो. पीककर्जाला दोघं एकमेकांचे जामीन राहावेत आणि तिसरा कोणी नसावा, तशी गत. बाहेरून कोणी त्यांना ओळखत नाही, तरी दोघांचीही मोजणी शून्यावर येत नाही. आर्क अशी मेमरी सोडवत नाही.

म्हणून ऑक्टोबर २०२०च्या १.४मध्ये ऑर्क आलं. आर्क जसंच्या तसं, वर चक्र शोधणारी फेरी. ज्यांची मोजणी कमी झाली पण शून्य झाली नाही, तेवढेच संशयित ती हाताशी घेते, त्यांच्या आपसातले संदर्भ तात्पुरते वजा करते आणि बाहेरचा एकही संदर्भ उरला नाही तर त्यांना मोकळं करते. ज्या टाइपमध्ये चक्र होऊच शकत नाही, त्याच्या वाट्याला ही फेरी जात नाही.

वाद पेटला तो याच ऑर्कला डिफॉल्ट, म्हणजे वेगळं काही न सांगता लागू होणारी पद्धत, करण्यावरून. १ ऑगस्ट २०२३ला २.० आली आणि रेफसीची जागा ऑर्कने घेतली. बाजू घेणाऱ्यांचा मुद्दा बिनतोड आहे: निमच्या स्टँडर्ड लायब्ररीतलं असिंक (एक काम वाट बघत असताना दुसरं चालवण्याची सोय) स्वतःच चक्रं तयार करतं. आर्क डिफॉल्ट ठेवलं असतं तर साध्या वेब सर्व्हरचीही मेमरी गळत राहिली असती, आणि नवख्याला कारण कळलं नसतं. विरोधकांचं म्हणणं असं, की चक्र शोधणारी फेरी आली म्हणजे गार्बेज कलेक्टर (जीसी, कचरा शोधून उचलणारा) मागच्या दाराने आलाच, मग ‘जीसी नाही’ असं सांगायचं कशाला? १.६मध्ये कंपायलरचा ‘जीसी’ स्विच ‘एमएम’ झाला, तेही त्यांना पटलेलं नाही. दोघांचं खरं आहे. फेरी हवी तेव्हा हाताने चालवता येते, बंदही ठेवता येते, हे मात्र विरोधक सोयीने विसरतात. तरी निर्णय घेताना डोळ्यांसमोर सर्व्हर होते, बांधावरची डबी नव्हती, असं वाटल्यावाचून राहत नाही.

डबीपुरता तोडगा सोपा आहे. वॉल्व्हकडून झोनकडे जाणाऱ्या संदर्भावर ‘कर्सर’ अशी खूण करायची. तो संदर्भ मग मोजला जात नाही आणि चक्र तुटतं. झोन आधी मोकळा होऊन वॉल्व्ह मागे राहणार नाही, एवढी खबरदारी मात्र आपली. त्यानंतर आर्क पुरतं. असिंक वापरायचं असेल तर मुकाट्याने ऑर्क. रेफसी २.०मध्येही स्विच देऊन मिळतं.