आयपीव्ही६ : रखडलेल्या स्थित्यंतराची पार्श्वभूमी

आयपीव्ही४ म्हणजे इंटरनेटवरच्या यंत्रांना पत्ते देऊन त्यांच्यात माहितीची ने-आण करणारा प्रोटोकॉल, म्हणजे नियमसंच; आयपीव्ही६ हा त्याच्या जागी यायचा नवा. आयपीव्ही४चे मानक १९८१चे. पत्त्याला ३२ बिट, म्हणजे सुमारे ४२९ कोटी पत्ते. तेव्हा जाळ्यावर मोजकीच यंत्रे होती, त्यामुळे हा आकडा कोणाला अपुरा वाटला नाही. १ जानेवारी १९८३ ही तारीख ठरवून सगळ्यांना जुन्या प्रोटोकॉलवरून या नव्यावर आणले गेले. रेंगाळणारे काही महिने रेंगाळले, पण काम झाले. एक तारीख ठरवून सगळे जाळे हलवणे त्यानंतर कधीच शक्य झाले नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पत्ते संपणार हे दिसू लागले. ठोक गटांत होणारे वाटप १९९३मध्ये मोडीत काढले गेले आणि गरजेपुरते लहान-मोठे तुकडे देणे सुरू झाले. १९९४मध्ये नॅट आले : एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक यंत्रे. दोन्ही उपाय वेळ काढण्यासाठीच होते. त्याच वर्षी तीन प्रस्तावांमधून नव्या प्रोटोकॉलची निवड झाली. निवडलेल्या प्रस्तावात पत्ता ६४ बिटांचा होता, तो १२८ बिटांचा केला गेला. पाच हा क्रमांक एका प्रायोगिक प्रोटोकॉलने आधीच घेतला असल्याने हा सहावा, आयपीव्ही६.

वाद आहे तो इथून पुढे. ‘जुन्याच पत्त्याला चार आकडे जोडले असते तर इतकी वर्षे गेली नसती,’ ही तक्रार आजही ऐकू येते. ती टिकत नाही. माहिती पॅकेट नावाच्या तुकड्यांत जाते; जुन्या पॅकेटच्या हेडरमध्ये, म्हणजे पत्ते लिहिलेल्या सुरुवातीच्या भागात, पत्त्याची जागा ३२ बिटांचीच आहे. त्याहून लांब पत्त्याच्या यंत्राला जुने यंत्र उत्तर पाठवणार कुठे? पत्ता कितीही थोडा वाढवला असता, तरी प्रत्येक यंत्रातले सॉफ्टवेअर बदलावेच लागले असते. विसंगती अटळ होती. हेडरमधला चेकसम (चूक पकडणारा आकडा) काढणे, वाटेतल्या राउटरांनी (पॅकेट पुढे धाडणाऱ्या यंत्रांनी) पॅकेट तोडणे बंद करणे, एआरपीच्या (त्याच जाळ्यातले यंत्र शोधण्याच्या जुन्या पद्धतीच्या) जागी नवी यंत्रणा आणणे, हा पसारा त्याच वेळी मांडायला हवा होता का, यावर मात्र भांडता येईल.

खरी चूक स्थित्यंतराच्या आराखड्यात होती, असे मला वाटते. ड्युअल स्टॅक म्हणजे प्रत्येक यंत्राने दोन्ही प्रोटोकॉल चालवायचे आणि जुना हळूहळू गळून पडेल, अशी कल्पना. पण दोन्ही चालवणाऱ्याला जुना पत्ता लागतोच. म्हणजे नवे घेऊन जुन्याची टंचाई तसूभरही कमी होत नाही. खर्च आज करायचा आणि फायदा मात्र बाकीचे सगळे आल्यावर. त्यात वेळ काढण्यासाठी आणलेले नॅट इतके पुरून उरले की घाई करण्याचे कारणच उरले नाही.

३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे पाच मोठे गट पाच प्रादेशिक नोंदणी संस्थांना वाटले गेले. त्या वर्षी ८ जूनला मोठ्या संकेतस्थळांनी एक दिवस चाचणी घेतली; ६ जून २०१२ पासून अनेकांनी आयपीव्ही६ कायमचे सुरू ठेवले. ब्राउझर दोन्ही वाटा जवळपास एकदमच चाचपून जी आधी उघडेल ती धरू लागले, तेव्हा कुठे ‘नवे चालू केले की पान उघडत नाही’ ही भीती ओसरली. दुसरीकडे जुन्या पत्त्यांची खरेदी-विक्री सुरू झाली, आणि सेवापुरवठादारच हजारो ग्राहकांना मोजक्या पत्त्यांमागे बसवू लागले. फेब्रुवारी २०२४पासून एका मोठ्या क्लाउड कंपनीने प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला ताशी ०.००५ डॉलर आकार लावला.

वेग आला तो मोबाइल जाळ्यांत. तिथे ड्युअल स्टॅकचा नाद सोडून काही कंपन्यांनी फोनला फक्त आयपीव्ही६ दिले आणि जुन्या संकेतस्थळांपर्यंतचे भाषांतर आपल्या जाळ्याच्या टोकाला केले. काही ॲपना मात्र थेट आकडी जुना पत्ताच लागे. त्यांच्यासाठी फोनच्या आत खोटी आयपीव्ही४ जोडणी उभी करावी लागली, आणि ती अजून चालू आहे.