पुराणिकाच्या मुलीचं बायबल

पंडिता रमाबाईंचं नाव निघालं की शाळेच्या पुस्तकातल्या दोन-तीन ओळी आठवतात. संस्कृतच्या पंडिता, बालविधवांसाठी शारदा सदन, आणि मग जरा आवाज खाली आणून, ‘त्या ख्रिस्ती झाल्या.’ तारीख २९ सप्टेंबर १८८३, ठिकाण इंग्लंडमधलं वाँटेज. तिथे प्रकरण मिटतं. कुणी त्याला फितुरी म्हणतं, कुणी मुक्ती. एका दिवशी निर्णय झाला आणि संपला, हे मात्र दोन्ही बाजूंना मान्य असतं.

त्यांनी स्वतः १९०७ साली लिहिलेली साक्ष वाचली तर चित्र निराळं दिसतं. बाप्तिस्म्याच्या आधीची पाच वर्षं आणि नंतरची जवळजवळ चाळीस वर्षं ही बाई एकच पुस्तक वेगवेगळ्या भाषांतून वाचते आहे, त्याच्याशी भांडते आहे, आणि शेवटी ते स्वतःच्या हाताने मराठीत उतरवते आहे. केडगावला झालेल्या बायबलच्या त्या भाषांतराची ही पार्श्वभूमी.

ती सुरू होते वडिलांपासून. अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, म्हणून उडुपीला पंडितांच्या सभेपुढे त्यांना जाब द्यावा लागला. त्यांनी शास्त्रांतलेच आधार काढून दाखवले. पुढे ते सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. १८५८ साली रमाबाईंचा जन्म तिथला. त्या सहा महिन्यांच्या होत्या तेव्हा घर सुटलं, आणि वेताच्या पेटाऱ्यात घालून त्यांना डोंगरावरून खाली आणलं गेलं. त्यानंतर सगळं आयुष्य तीर्थयात्रेत. पोट चालायचं पुराण सांगण्यावर. खरं तर ‘सांगण्यावर’ म्हणणंही बरोबर नाही, कारण सांगायचं काही नसे. देवळात किंवा घाटावर बसायचं, पोथी उघडायची, मोठ्याने संस्कृत श्लोक वाचायचे. ऐकणाऱ्याला कळलंच पाहिजे अशी अट नव्हती. येणारा नमस्कार करायचा, दक्षिणा ठेवायचा आणि पुण्य घेऊन घरी जायचा. आई लक्ष्मीबाईंनी भागवत मुलीकडून तोंडपाठ करून घेतलं होतं. न कळणारं पवित्र पुस्तक लोकांपुढे वाचून दाखवणं हा त्यांच्या घरचा धंदाच होता, असं म्हटलं तरी चालेल.

मग मद्रास इलाख्यातला दुष्काळ आला. १८७४ च्या सुमाराला अगोदर वडील गेले, पाठोपाठ आई, मग थोरली बहीण. असेल नसेल ते दानात आणि अनुष्ठानांत आधीच संपलं होतं. मजुरी करायची तर पंडिताच्या घरात कुणाला त्याची सवय नव्हती. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी देश फिरले. झेलमच्या काठी थंडी असह्य झाली तेव्हा वाळूत कबरीसारखे दोन खड्डे खणले, आत निजले आणि अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. ही आठवण रमाबाईंनीच लिहून ठेवली आहे.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. मराठी चर्चमध्ये पौलाचं एक वचन नेहमी कानावर पडतं, ‘संकटाने धीर, धीराने शील व शीलाने आशा निर्माण होते.’ रमाबाईंच्या बाबतीत विश्वासाने धीर दिला असं लिहून टाकणं सोपं आहे आणि त्यांच्या चरित्रकारांनी ते पुष्कळदा लिहिलंही आहे. पण वाळूच्या खड्ड्यात निजणाऱ्या त्या मुलीला बायबल ठाऊक नव्हतं. धीर होता तो आधीचाच. जुना विश्वास मात्र त्याच वाटेवर कुठेतरी गळून पडला होता, आणि त्याच्या जागी काहीच नव्हतं.

१८७८ साली भावंडं कलकत्त्याला पोहोचली. संस्कृतवरचं प्रभुत्व पाहून तिथल्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. याच शहरात ख्रिस्ती लोकांच्या एका मेळाव्याचं आमंत्रण आलं. चहापाणी झालं, मग मंडळी खुर्च्यांपुढे गुडघे टेकून डोळे मिटून बसली. हे लोक खुर्चीला नमस्कार करतात, असंच या दोघांना वाटलं. त्यांना भेट म्हणून संस्कृत बायबल मिळालं. पुस्तक दिसायला छान होतं, उघडून पाहिलं, पण ते संस्कृत त्यांच्या ओळखीचं नव्हतं आणि शिकवणही नव्हती. वेळ फुकट जातो म्हणून ठेवून दिलं. मिशनऱ्यांनी वर्षानुवर्षं खपून केलेलं भाषांतर, आणि खऱ्याखुऱ्या संस्कृत पंडितेच्या हातात पडल्यावर त्याची ही गत!

त्याच काळात घरातच राहणाऱ्या बायकांपुढे शास्त्रात सांगितलेल्या स्त्रीधर्मावर बोलायची पाळी आली. तयारी म्हणून रमाबाईंनी धर्मशास्त्रं नीट वाचली. बाकी हजार मुद्द्यांवर ग्रंथांचं एकमेकांशी पटत नाही, पण स्त्री म्हणजे पापाचं घर आणि तिला वेदांचा अधिकार नाही यावर सगळ्यांचं एकमत आहे, असं त्यांच्या लक्षात आलं. ब्राह्मो समाजाच्या केशवचंद्र सेनांनी त्यांच्या हाती वेदाची प्रत दिली तेव्हा त्या चाचरल्याच. इतकं पाठांतर झालेल्या मुलीलाही हे पुस्तक आपलं नव्हे असं वाटत होतं. कोणी काय वाचावं आणि वाचलेलं कळावं की नाही, हा प्रश्न इथून पुढे त्यांनी सोडला नाही.

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा. आसामातल्या सिल्चरच्या घरात पुस्तकं चाळताना एक लहानसं चोपडं हाती लागलं. ते तिथे कसं आलं हे त्यांनाही कधी कळलं नाही. बायबलमधलं लूककृत शुभवर्तमान, बंगालीतलं. हे मात्र त्या वाचत गेल्या. अॅलन नावाचे बाप्टिस्ट मिशनरी घरी येऊन उत्पत्तीचं पुस्तक समजावू लागले. नवरा मिशनच्या शाळेत शिकलेला, तरी बायकोने उघडपणे ख्रिस्ती व्हावं हे त्याला पसंत नव्हतं. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने तो गेला. मुलगी मनोरमा अजून वर्षाचीही नव्हती.

पुण्याला आल्यावर आर्य महिला समाज, शिक्षणविषयक हंटर आयोगापुढची साक्ष, सगळं घाईने घडलं. इथे नवा करार त्यांनी मराठीतून वाचला. नीलकंठशास्त्री गोरे यांच्याशी ओळख झाली. गोरे म्हणजे काशीत ख्रिस्ती मताचं खंडन करायला बसलेले आणि वाचता वाचता १८४८ मध्ये स्वतःच बाप्तिस्मा घेतलेले चित्पावन. पंडिताला पंडितच लागतो. पुढे इंग्लंडमध्ये असताना गोरेशास्त्र्यांची पत्रंच आपल्याला निर्णयापर्यंत घेऊन गेली, असं रमाबाईंनी मोकळेपणाने सांगितलं आहे.

इंग्लंडला त्या १८८३ मध्ये गेल्या त्या डॉक्टर व्हायला. पण ऐकू कमी येत असल्याने तो बेत बारगळला. वाँटेजच्या ख्रिस्ती जोगिणींनी त्यांना लंडनमधल्या फुलमला नेलं. समाजाने टाकलेल्या बायकांसाठी तिथे एक आश्रम होता. या बायकांशी इतक्या मायेने वागायचं कारण काय, असं विचारल्यावर एका जोगिणीने योहानाच्या चौथ्या अध्यायातली शमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. विहिरीवर आलेली, पाच नवरे झालेली बाई, आणि तिच्याशी धर्माची चर्चा करणारा येशू. ज्या ग्रंथात अशा बाईशी असं बोललं जातं तो आपला, असं रमाबाईंच्या मनाने तिथे घेतलं असावं. साक्षीत या प्रसंगाला त्यांनी दिलेली जागा पाहता मला तरी तसंच वाटतं.

बाप्तिस्मा झाला, भांडण मात्र संपलं नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार वाचताना अजूनही गंमत वाटते. रमाबाईंचं म्हणणं असं: पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव हा त्रैक्याचा सिद्धान्त मी बायबलमध्ये शोधेन, चर्च म्हणतं म्हणून मानणार नाही. एका पुरोहितवर्गाचं जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलं ते दुसरं चढवून घ्यायला नव्हे. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, ब्राह्मणांना जसं संस्कृत तसंच तुमचं हे लॅटिन का? मला संस्कृत द्या. गुरूबाई हवालदिल झाल्या असतील यात नवल नाही.

आणखी एक टप्पा १८९१ चा. विल्यम हॅस्लम नावाचा इंग्रज पाळक. पाळकी करून बरीच वर्षं झाल्यावर, स्वतःच्याच प्रवचनाच्या मध्यावर याचं मन पालटलं. त्याचं आत्मचरित्र वाचून रमाबाईंना जाणवलं की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला आहे, ख्रिस्त नाही. म्हणजे त्यांच्या स्वतःच्या हिशोबाने १८८३ ला आठ वर्षं जोडायला हवीत. आपल्याकडे या तारखेची नोंद क्वचितच कुणी घेतं.

याचे पडसाद शारदा सदनात उमटले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उघडलेलं सदन पुढच्या वर्षी पुण्यात आलं होतं. धर्मात ढवळाढवळ करणार नाही असा शब्द होता. रमाबाई सकाळी मनोरमेला घेऊन बायबल वाचत, प्रार्थना करत, आणि खोलीचं दार लावून घेत नसत. मुली येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. दार उघडं ठेवणं हा प्रामाणिकपणा होता की प्रचार, यावर अजून वाद घालता येईल. माझ्या मते दोन्ही होतं, आणि पालकांचा राग काही अगदीच अनाठायी नव्हता.

१८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा वीस वर्षांपूर्वीची स्वतःची भूक त्यांना आठवली. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि मुली-बायका घेऊन परतल्या. त्याच सुमारास १५ चा वर्ग, म्हणजे २२५ जणी आपल्या पदरात पडाव्यात, अशी प्रार्थना त्यांनी केली होती. हा आकडा आपल्यालाच अशक्य वाटला, असं त्या लिहितात. मग यिर्मयाच्या ३२ व्या अध्यायातलं वचन समोर आलं, मला अशक्य असं काही आहे काय? त्यांच्या विश्वासाचा हा खास नमुना आहे. पाठांतरावर वाढलेली बाई वचन धरून हिशोब मांडते, आणि मग बैलगाड्या, धान्य, झोपड्या, विहिरी यांच्या मागे लागते. पुण्यात प्लेग आला होता. केडगावला, पुणे-दौंड रेल्वेमार्गावर, घेतलेल्या जमिनीवर ‘मुक्ती’ ही संस्था उभी राहिली. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळाने संख्या आणखी फुगली.

भाषांतराची गरज इथे उभी राहिली. मराठी बायबल काही नवं नव्हतं. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ चं, पण ते ओवीबद्ध आणि गोव्याकडचं. बंगालमधल्या श्रीरामपूरहून मिशनरी विल्यम केरींनी मत्तयाचं शुभवर्तमान १८०५ मध्येच मराठीत छापलं, आणि शतकाच्या मध्यापर्यंत मुंबईत अख्खं बायबल निघालं होतं. रेव्हरंड टिळकांना रेल्वेच्या डब्यात मिळालेला नवा करार आणि त्यातल्या डोंगरावरच्या प्रवचनाने लागलेली ओढ सगळ्यांना माहीत आहे. पण टिळक कवी, शिकलेले. दुष्काळातून आलेल्या कुणब्याच्या पोरीला पंडितांच्या मदतीने घडलेली ती मराठी जड जात होती. शिवाय तिच्यातले पुष्कळ शब्द हिंदू देवधर्माचे अर्थ घेऊन येतात, ही रमाबाईंची दुसरी तक्रार. क्रूसावर संस्कृत मागणारी बाई वीस वर्षांनी संस्कृत शब्द वेचून बाहेर काढायला बसली! घाटावर न कळणारे श्लोक वाचून पोट भरलेलं होतं, हे ध्यानात घेतलं तर त्यात विसंगती उरत नाही.

पंचेचाळिशी उलटल्यावर कोश आणि व्याकरणं मांडून हिब्रू आणि ग्रीक मुळाशी मराठी ताडून पाहण्याचं काम सुरू झालं आणि दीड दशकाहून जास्त चाललं. भोवती मुलींनी भरलेला आश्रम, कान अधिकाधिक बंद होत चाललेले, १९०५ मध्ये आश्रमात उसळलेली संजीवनाची, म्हणजे धार्मिक जागृतीची लाट, त्यातून बाहेर पडणाऱ्या प्रार्थनेच्या टोळ्या. छापखाना मुक्तीचाच होता आणि बायका चालवत होत्या. खिळे जुळवायचे म्हणजे अक्षर उलटं वाचता यावं लागतं. ज्यांनी सुलटं अक्षर इथेच पहिल्यांदा पाहिलं त्यांनी हे शिकून घेतलं, फर्मे चढवले, पानं घडी घालून बांधली.

२४ जुलै १९२१ ला मनोरमाबाई गेल्या. संस्थेची वारस, एकुलती एक. रमाबाईंनी मुद्रितं तपासणं थांबवलं नाही. काम पुरं करायला दहा दिवस द्या अशी प्रार्थना त्यांनी केली आणि ते पुरे होताच त्या गेल्या, अशी आठवण मुक्तीत सांगतात. दहा दिवसांचा आकडा भक्तांनी घासूनपुसून घेतला असेलही. मृत्यूची तारीख ५ एप्रिल १९२२ ही पक्की आहे, आणि संपूर्ण बायबल छापून १९२४ मध्ये बाहेर आलं हेही.

चर्चमध्ये ते रुळलं नाही. मूळ भाषेला घट्ट धरून ठेवल्यामुळे वाक्यं ठिकठिकाणी ताठर झाली आहेत. बायकांना कळावं म्हणून घेतलेल्या कामात हे व्हावं, हा त्यातला खरा दोष. त्यातच एका बाईचं एकहाती भाषांतर, मागे कुठल्या मोठ्या मिशनचं मंडळ नाही. आज रविवारी व्यासपीठावर वाचलं जातं ते बायबल सोसायटीचं.