वॉटलिंग्टनची नाणी आणि बखरीतून पुसला गेलेला राजा

२०१५ च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरमध्ये वॉटलिंग्टन गावाजवळच्या शेतात एका मेटल डिटेक्टरवाल्याला जुनी चांदी लागली. त्याने सगळं उपसून घरी नेलं नाही, रीतसर कळवलं, मग तज्ज्ञ आले आणि त्यांनी नाणी एकेक न उचलता आजूबाजूच्या मातीसकट अख्खा गोळाच काढून लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये नेला. तिथे हळूहळू माती काढल्यावर १८६ नाणी निघाली (त्यातली काही तुटकी), शिवाय चांदीच्या १५ लगडी आणि ७ दागिने. आकड्याने बघाल तर हे काही फार नाही, आदल्याच वर्षी बकिंगहॅमशायरमध्ये लेनबरोला ५ हजारांच्या वर नाणी सापडली होती. पण वॉटलिंग्टनच्या नाण्यांवर दोन राजांची नावं आहेत, वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्सियाचा चेओलवुल्फ, आणि खरी गोष्ट तिथेच आहे.

आल्फ्रेड सगळ्यांना माहीत असतो, ‘द ग्रेट’ वगैरे. चेओलवुल्फ कोण हे इंग्लंडमध्येही फार कमी लोकांना सांगता येईल, आणि हे आपोआप झालेलं नाही.

थोडं मागे जाऊ. त्या काळी इंग्लंड असा एक देश नव्हताच, नॉर्थम्ब्रिया, ईस्ट अँग्लिया, मर्सिया, वेसेक्स अशी वेगवेगळी राज्यं होती. ८६५ मध्ये व्हायकिंगांचं, म्हणजे स्कँडिनेव्हियातून समुद्रमार्गे येणाऱ्या लढवय्यांचं, मोठं सैन्य येऊन धडकलं, आणि हे लुटून परत जाणारे नव्हते, मुक्काम ठोकणारे होते. दहा वर्षांच्या आत नॉर्थम्ब्रिया आणि ईस्ट अँग्लिया कोसळली, ८७४ च्या सुमारास मर्सियाचा राजा बर्ग्रेड राज्य सोडून रोमला निघून गेला आणि गादीवर आला चेओलवुल्फ. अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल नावाची जी वर्षवार बखर आहे ती त्याच्याबद्दल काय सांगते, तर तो राजाचा एक बेअक्कल सरदार होता, व्हायकिंगांना शपथा आणि ओलीस देऊन त्याने राज्य मिळवलं. थोडक्यात त्यांच्या हातातलं बाहुलं. पण ही बखर रचली गेली ८९० च्या दशकात, आल्फ्रेडच्या वर्तुळात, मर्सियाचा बराच भाग त्याच्या वर्चस्वाखाली आल्यानंतर. मग आधीच्या राजाबद्दल चांगलं कोण लिहिणार?

आता नाणी काय सांगतात बघा. त्याआधीच्या वर्षांत दोन्ही राज्यांच्या पेनीमधली (पेनी म्हणजे तेव्हाचं चांदीचं नाणं) चांदी इतकी घटली होती की नाणं नावालाच चांदीचं राहिलं होतं. ८७५ च्या आसपास दोन्हीकडे एकदम सुधारणा झाली, परत चांगल्या कसाची पेनी, दोघांच्या नाण्यांवर डिझाईन तेच, आणि काही टांकसाळवाले तर दोन्ही राजांसाठी नाणी पाडत होते. एका प्रकारावर शेजारी शेजारी बसलेले दोन सम्राट आणि वर पंखवाली विजयदेवता आहे. या प्रकाराची आधी जगात दोनच नाणी माहीत होती, एक आल्फ्रेडचं आणि एक चेओलवुल्फचं, त्यामुळे ‘असेल काहीतरी एखाद-दुसरं’ म्हणून सोडून देता येत होतं. वॉटलिंग्टनला अशी बरीच मिळाली. हे चित्र रोमन सोन्याच्या नाण्यावरून उचललेलं आहे, त्यामुळे नुसत्या चित्रावरून युती सिद्ध झाली असं मी म्हणणार नाही. पण दोन राज्यांनी एकाच वेळी चांदीचा कस वाढवायचा म्हणजे आधी बसून बोलावं लागतं, ठरवावं लागतं, आणि ते काही वर्षं पाळावं लागतं, बाहुल्याशी कोणी असा व्यवहार करत नाही.

मग हे सगळं जमिनीत कशाला गेलं? ८७८ च्या सुरुवातीला व्हायकिंगांचा सरदार गुथ्रम याच्या सैन्याने अचानक वेसेक्समधल्या चिपनमवर धाड टाकली, आल्फ्रेडला सॉमरसेटच्या दलदलीत अ‍ॅथेलनीला लपावं लागलं, पण मे महिन्यात एडिंग्टनच्या लढाईत तो जिंकला, गुथ्रमने बाप्तिस्मा घेतला आणि पुढे त्याचं सैन्य ईस्ट अँग्लियाकडे गेलं. वॉटलिंग्टन हे इकनिल्ड वे या जुन्या रस्त्याला लागून आहे, तो रस्ता त्याच दिशेला जातो, म्हणून त्या सैन्यातल्याच कोणीतरी जाताना हे पुरलं असावं असा अंदाज आहे. चेओलवुल्फचं नाव ८७९ नंतर गायबच होतं.

१९९६ च्या ट्रेझर अ‍ॅक्टप्रमाणे तिथे असं गुप्तधन सापडलं की १४ दिवसांत कोरोनरला (अशा शोधांची चौकशी करणारा सरकारी अधिकारी) कळवावं लागतं, मग म्युझियम विकत घेऊ शकतं आणि बक्षिसाची रक्कम साधारणपणे शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटली जाते. (आपल्याकडेही १८७८ चा कायदा आहे, त्यात कलेक्टरला कळवायचं असतं.) वॉटलिंग्टनची नाणी अशीच २०१७ मध्ये ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन म्युझियमने साडेतेरा लाख पौंडांना घेतली, लोकांनीही पैसे दिले.

त्याच २०१५ मध्ये, वॉटलिंग्टनच्या काही महिने आधी, हेरफर्डशायरमध्ये लेम्स्टरजवळ याच काळातला साठा सापडला होता, साधारण ३०० नाणी असावीत, त्यातही हेच दोन राजे. शोधणाऱ्या दोघांनी कळवलं नाही, परस्पर विकायला काढली. २०१९ मध्ये दोघांना तुरुंगवास झाला, काही नाणी हाती लागली, पण बरीचशी अजून बेपत्ता आहेत, आणि हा साठा मुळात केवढा होता हे कळलं ते पोलिसांनी मोबाईलमधून परत मिळवलेल्या डिलीट केलेल्या फोटोंमुळे.