व्हेपिंग आणि कोलेस्टेरॉल

व्हेपिंग म्हणजे ई-सिगरेट ओढणं. ओढणं म्हटलं तरी यात जळत काही नाही, बोटाएवढ्या यंत्रात एक बॅटरी असते, बारीक तारेची कॉइल असते, कॉइलला लागून कापूस आणि त्या कापसात मुरलेलं लिक्विड, झुरका घेतला की तार तापते आणि लिक्विडचा धूर होऊन तोंडात येतो. धूर आपण म्हणतो, खरं तर तो अगदी बारीक थेंबांचा फवारा असतो. लिक्विडमध्ये प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, फ्लेवर आणि बहुतेक वेळा निकोटिन. वापरलेली कॉइल उघडून बघा कधी, पांढरा कापूस काळपट तपकिरी झालेला असतो आणि करपलेल्या पाकासारखा वास मारतो, गोड फ्लेवर असेल तर जास्तच. हे यंत्र आजच्या रूपात आणलं हॉन लिक नावाच्या चिनी फार्मासिस्टने, २००३ च्या सुमारास.

आता कोलेस्टेरॉल. लोक विचारतात की लिक्विडमध्ये ग्लिसरीन आहे म्हणजे ट्रायग्लिसराइड, रक्तातली एक प्रकारची चरबी, वाढणार का. नावं एकमेकांना लागून आहेत खरी, आणि ट्रायग्लिसराइडचा कणा ग्लिसरीनचाच असतो हेही खरं, पण रिपोर्टमध्ये तो आकडा चढतो तो मुख्यतः साखर, मैदा, दारू, सुटलेलं पोट आणि डायबेटिसमुळे. व्हेपमध्ये बघायची गोष्ट ग्लिसरीन नाही, निकोटिन आहे. निकोटिन गेलं की शरीर अ‍ॅड्रेनालिन सोडतं, नाडी आणि ब्लड प्रेशर वर जातं, चरबीच्या पेशींमधली चरबी सुटून रक्तात येते, ती लिव्हरकडे जाते आणि लिव्हर तिचं पॅकिंग करून परत रक्तात पाठवतं. मळलेला तंबाखू असो, मशेरी असो की मँगो फ्लेवरचा व्हेप, निकोटिनपुरतं गणित हेच. सिगरेटवाल्यांमध्ये चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल कमी सापडतं हे तर जुनं आणि पक्कं आहे, व्हेपवाल्यांचं चित्र मात्र तितकं स्वच्छ नाही.

२०१९ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या परिषदेत बॉस्टनच्या संशोधकांनी ४७६ निरोगी माणसांची तपासणी मांडली. नुसती ई-सिगरेट ओढणाऱ्यांचं वाईट कोलेस्टेरॉल म्हणजे एलडीएल न ओढणाऱ्यांपेक्षा जास्त निघालं, आणि सिगरेट व व्हेप दोन्ही ओढणाऱ्यांचं एचडीएल कमी. बातम्यांनी लगेच "व्हेपमुळे कोलेस्टेरॉल वाढतं" असा मथळा मारला, पण त्या ४७६ मध्ये फक्त ई-सिगरेटवाले होते जेमतेम ४५, आणि एकदाच घेतलेल्या रक्तावरून कशामुळे काय झालं हे सांगता येत नाही, शिवाय व्हेप ओढणारे बरेचजण आधी सिगरेटवालेच असतात, त्यामुळे आधीचं देणं कुणाच्या खात्यावर टाकायचं हा प्रश्न राहतोच. संबंध दिसतो, कारण सिद्ध नाही, एवढंच आज म्हणता येतं.

माझ्या मते नुसता लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे रक्तातल्या कोलेस्टेरॉल-चरबीच्या तपासणीचा, कागद धरून बसणं हीच चूक आहे. हार्ट अटॅकची तयारी रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर होते. ते अस्तर गुळगुळीत आणि लवचिक असेल तर एलडीएल त्यात सहज घुसत नाही, ते चिडलेलं असेल तर एलडीएलचा तोच, समजा ११० चा, आकडा जास्त नुकसान करतो. निकोटिन आणि तापलेल्या लिक्विडमधून निघणारे फॉर्मल्डिहाइड, अ‍ॅक्रोलिन यांसारखे पदार्थ हेच अस्तर बिघडवतात. कॉइलमधून निकेल, क्रोमियम, शिसं अशा धातूंचे कणही फवाऱ्यात सापडलेत. आपल्याकडे तर मुळातच एचडीएल कमी आणि ट्रायग्लिसराइड जास्त अशी प्रकृती, हार्ट अटॅकही पाश्चात्त्यांपेक्षा लवकर येतो, त्यात ही भर.

दुसरी बाजूही आहे आणि ती लपवून उपयोग नाही. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाने ११४ सिगरेटवाल्यांवर केलेल्या अभ्यासात, सिगरेट सोडून व्हेपवर गेलेल्यांच्या रक्तवाहिन्यांचं काम महिन्याभरात सुधारलेलं दिसलं. म्हणजे रोज पाकीट संपवणाऱ्याला व्हेप कमी वाईट, आणि कधीच न ओढलेल्या कॉलेजच्या पोराला नुसतंच वाईट, तुलना कुणाशी करतोय त्यावर उत्तर फिरतं. दोन्ही चालू ठेवणाऱ्याला मात्र फायदा फारसा नाही, आणि बरेचजण नेमके तिथेच अडकतात.

फुफ्फुसांचं म्हणाल तर २०१९ ची अमेरिकेतली व्हेपवाल्यांच्या फुफ्फुसांच्या आजाराची साथ विसरता येत नाही. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण हॉस्पिटलमध्ये गेले किंवा दगावले, त्यातले मृत्यू ६८. मुख्य दोषी ठरलं व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट, गांजाच्या अर्काच्या बनावट लिक्विडमध्ये घट्टपणासाठी मिसळलेलं तेलकट रसायन. गोळीत गिळायला ठीक, छातीत ओढायला नाही.

भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगरेट बनवणं, आणणं, विकणं, साठवणं, जाहिरात करणं सगळंच बंद आहे, विकताना पहिल्यांदा पकडला गेला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तरी टपरीमागे मिळतंच. चोरट्या मालाच्या लेबलवर पाच टक्के निकोटिन लिहिलंय म्हणून आत तेवढंच असेल याची हमी कोण देणार, युरोपात मिलिलिटरला २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे आणि पाच टक्के म्हणजे साधारण ५० झाले.

सोडायचं असेल तर निकोटिनचे च्युइंग गम आणि पॅच मेडिकलमध्ये मिळतात, सरकारची क्विटलाइन १८००-११-२३५६ आहे. सिगरेट सुटल्यावर एचडीएल काही आठवड्यांतच वर सरकायला लागतं. आणि एक बारीक गोष्ट, तपासणीच्या फॉर्मवर "धूम्रपान करता का?" असा रकाना असतो, तिथे व्हेप ओढणारा बिनधास्त "नाही"वर खूण करतो, खोटं बोलायचं म्हणून नव्हे तर त्याच्या डोक्यात ते धूम्रपान नसतंच, मग डॉक्टर तो रिपोर्ट न ओढणाऱ्याचा म्हणून वाचतात आणि हार्टचा धोका मोजताना निकोटिन हिशोबात येतच नाही.