दरफाळणीचा सण

कोकणातील बेने इस्रायल या यहुदी समाजात योम किप्पूर या यहुदी प्रायश्चित्तदिनाला रूढ असलेले मराठी नाव. हा दिवस यहुदी पंचांगातील तिश्री महिन्याच्या 10 तारखेस, म्हणजे साधारणपणे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतो. विधीचा आधार बायबलमधील लेवीय या ग्रंथाच्या 16 व 23 या अध्यायांत आहे. आदल्या सूर्यास्तापासून सुमारे 25 तास निर्जळी उपवास असतो. मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या संग्रहातील ‘योमा’ या प्रकरणानुसार स्नान, तेल लावणे, चामडी पादत्राणे आणि शरीरसंबंधही वर्ज्य आहेत.

समाजात हा सण केव्हापासून पाळला जातो, याविषयी मतभेद आहेत. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहीमकर यांच्या मते बेने इस्रायलांचे पूर्वज इ. स. पू. दुसऱ्या शतकात अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला लागले. समाजात हनुक्का (त्यानंतर रूढ झालेला यहुदी दिव्यांचा सण) पाळला जात नसे, हे ते त्याचे एक गमक मानतात. मात्र दीर्घ एकांतवासात एखादा सण विस्मरणातही जाऊ शकतो, त्यामुळे एवढ्यावरून काळ ठरवणे धाडसाचे होईल. लोप पावलेले धर्माचार डेव्हिड राहाबी यांनी पुन्हा शिकवले, अशी परंपरा आहे. केहीमकर त्यांना सुमारे इ. स. 1000च्या आसपास ठेवतात, तर नंतरचे काही अभ्यासक त्यांचा संबंध अठराव्या शतकातील कोचीच्या राहाबी घराण्याशी जोडतात. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण समाजाचा कोचीशी संपर्क त्या शतकापासून स्पष्ट दिसतो. तरीही राहाबींच्या आधी उपवास नव्हताच, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

सणाच्या नावातील दारे मिटण्याचा अर्थ दिवसाअखेरच्या ‘नेइला’ या प्रार्थनेशी जुळतो. तिच्यात स्वर्गद्वारे मिटण्याची कल्पना आहे. पण मुंबईत मांडवी भागात सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी समाजाचे पहिले सिनेगॉग (यहुदी प्रार्थनामंदिर) उभारले ते 1796 मध्ये. त्यापूर्वी उपासनेचे स्थान घर हेच होते. म्हणून घराची दारे लावून, बाहेरच्यांचा संपर्क टाळून दिवस काढण्याच्या प्रथेवरून हे नाव पडले असणे अधिक संभवनीय आहे. सिनेगॉग झाल्यावर पांढरी वस्त्रे नेसून दिवसभर तेथे प्रार्थनेला बसण्याची रीत पडली. उपवासाची समाप्ती शोफार (मेंढ्याच्या शिंगाचे वाद्य) फुंकून होते.

दुसरा दिवस ‘शिळा सण’. त्या दिवशी गरिबांना दान देतात व आप्तेष्टांकडे जातात. दरफाळणीच्या पूर्वसंध्येला आलेले मृतांचे आत्मे शिळ्या सणाला परततात, अशी जुनी समजूत होती.